आबांनी प्रीअँपला ठेवलेली नावं

आमच्या आबांना एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते तिला नावं ठेवायला लागायचे. माझे वडील हेडी होते, घोडेगावच्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री करायचे, आणि त्या धंद्याचा पहिला नियम असा की जो बैल घ्यायचाय त्याच्याकडे बघून नाक मुरडायचं. "शिंगं बघा, एक उगवतीला, एक मावळतीला. चाल तर अशी, पेरनीला जुंपला तर काढनीला पोचंल." आणि जो घ्यायचा नाही त्याची तोंड भरून तारीफ करायची. "राजा हाय राजा. ह्याला दावनीला बांधायची आपली लायकी न्हाई." समोरचा खूश होतो आणि आपण पुढच्या दावणीकडे सरकतो. तीस वर्षं असा बाजार केलेला माणूस घरी येऊन निराळं कसं बोलणार? आईची आमटी जमली की "मीठ जरा जास्त झालंय" म्हणत आबा तिसऱ्यांदा वाटी पुढे करत. "झकास झालीय" म्हणाले की आई मुकाट्यानं पातेलं उचलून घ्यायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नगरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. रोज सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीचं ते वर्ष. माझ्याबद्दल आबांचं मत गावभर माहीत होतं. "शिकली, मास्तरीन झाली, पर तोंड लई चालतंय. हिला कोन करनार?" हे कानावर आलं की माझं डोकं फिरायचं आणि मी आणखी चार शब्द बोलायचे. मग आबा आईकडे बघून मान हलवायचे.

त्या श्रावणात आबा खर्ड्याला जाऊन एक स्थळ बघून आले. बागायत जमीन, दोन विहिरी, माडीचं घर. आल्या आल्या पाय धुतले आणि सुरू झाले. "टक्कल पडाया लागलंय गड्याला. हसतोय तर निस्त्या हिरड्या. चालताना एक पाय फेंगडा टाकतोय." आईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. नावं ठेवली म्हणजे मनात भरला. मी म्हणाले, "मी काय बैल आहे का, बाजारात उभी करायला?" आबा म्हणाले, "बैल बरा. उलट बोलत न्हाई." झालं, आमची जुंपली. पण नुसतं भांडून भागणार नव्हतं, कारण माझं मन दुसरीकडेच बसलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्यावर बसलं होतं त्यालासुद्धा नाही.

त्याचं असं झालं. पुण्याला बी.एड. करताना एका मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा चांगल्या सेटवर रेकॉर्ड ऐकली होती. गाणाऱ्या बाईंनी तान घ्यायच्या आधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आमच्या घरच्या रेडिओवर बायका श्वास घेतच नसत. त्या एका श्वासानं मला वेड लावलं. पुढे नोकरी लागल्यावर कळलं की भिंगार कँपातला एक फौजी अधिकारी बदली होऊन चाललाय आणि आपला सेट विकतोय. दोन वर्षांची शिल्लक त्यात घातली. तबकडी फिरवायचं यंत्र, अँप्लिफायर आणि दोन स्पीकरच्या पेट्या चाऱ्याच्या ट्रकमधून घोडेगावला आल्या. घरी आल्यावर कळलं की मधला एक डबा, प्रीअँप म्हणतात तो, अधिकाऱ्याच्या दुसऱ्या ट्रंकेत राहून थेट आसामला गेला. तबकडी फिरायची, सुई चालायची, आणि स्पीकरमधून काही नाही. सुईजवळ कान नेला तर आत डास गातोय असं वाटायचं. पुढच्या खोलीत सरकी-पेंडीच्या पोत्यांशेजारी तो सगळा संसार मुका पडून राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, ही शिवनयंत्रं हायेत का?"

म्हणून मी माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा, बारीक अंगाचा, खिशात दोन स्क्रूड्रायव्हर. शब्द मोजून बोलायचा. मी विचारलं, एवढ्याशा डब्यावाचून एवढं मोठं सामान मुकं कसं? तो म्हणाला, "विरजणासारखं आहे ते. सुईकडून येतं ते थेंबभर. तो थेंब चांगला लागला तर हंडाभर दही चांगलं. थेंब नासका, तर पुढचं सगळं नासकं."

विज्ञान मी शिकवायचे, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

त्याच्याकडे दोन प्रीअँप होते, दोन्ही व्हॉल्व्हचे. ट्रान्झिस्टरचे यायला लागले होते, पण त्याला ते पसंत नव्हते. त्यातून गाणं येतं पण गाणारी बाई येत नाही, असं त्याचं म्हणणं. पहिला प्रीअँप मुंबईहून आणलेला, सागवानी पेटी, पुढे हिरवा दिवा, पितळी बटनं, बघत राहावं असा. दुसरा त्यानं स्वतः बांधलेला. उघडा अॅल्युमिनियमचा पत्रा, वर तीन व्हॉल्व्ह उभे, आणि चार बटनं चार मोडक्या रेडिओंची: एक काळं, दोन तपकिरी, एक चक्क पांढरं.

"दोन्ही ऐका आणि ठरवा," तो म्हणाला.

मी रेकॉर्ड घेऊन जायचे. शाळा सुटल्यावर एसटी सुटेपर्यंत जो अर्धा-पाऊण तास मिळायचा त्यात एकच रेकॉर्ड आधी याच्यावर, मग त्याच्यावर. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं आणि थांबायला दोघांचीही हरकत नसायची. मुंबईच्या डब्यातून आवाज मोठा यायचा, भरदार यायचा. त्याच्या उघड्या पत्र्यातून बाईंचा श्वास यायचा. कुठला घ्यायचा ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मला निवडायला तीन महिने लागले.

एकदा तो म्हणाला, "तुमचं ठरलं की तुम्ही यायच्या बंद व्हाल." एवढंच. मग पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकला, आणि तो स्क्रू सापडायला बराच वेळ लागला. मी त्या दिवशी एसटीत बसून सगळ्या रस्ताभर हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरी, बरी हायेस ना?"

दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं की खर्ड्याची मंडळी मला बघायला येणार होती. हातात महिनाभर होता. आबांना सरळ सांगावं तर आबा ऐकणाऱ्यातले नव्हते. जमीन नाही, जुमला नाही, तारा जोडणारा माणूस. मग मी डोकं चालवलं. आबांना कसलीही निवड करायला बोलावलं, मग ती मडक्याची का असेना, तर ते जेवत्या ताटावरून उठून येतात. मी म्हणाले, "आबा, मला एक यंत्र निवडायचंय. माझी अक्कल चालेना." आबा लगेच पटका बांधायला लागले. यंत्र बघायच्या निमित्तानं माणूस बघतील, असा माझा बेत. वडील यंत्र बघायला येताहेत म्हणून दुकानदाराला मी बजावलं होतं: सदरा इस्त्रीचा घाला, मोठ्यानं बोला, खोटं बोलू नका. आबांची बोलायची रीत काय आहे ते सांगायचं मात्र साफ विसरले. घरात जे रोज चालतं ते बाहेरच्याला सांगावं लागतं हे सुचतच नाही.

दुकानात आबांनी आधी मुंबईचा डबा बघितला. मागे दोन पावलं सरकून, मान तिरकी करून. "काय रुबाब हाय. निस्तं बघत बसावं." मी ओळखलं, हा गेला. मग ते उघड्या पत्र्याकडे वळले. तो उचलून उलटा केला, बैलाचा खूर बघावा तशी खालची जोडणी बघितली. चारही बटनं फिरवली. व्हॉल्व्हवर तळहात धरला. "अंगात ताप हाय ह्याच्या. बटनं चार गावची. कातडं न्हाई, निस्ती हाडं." मग त्यानं रेकॉर्ड लावली. आबांनी डोळे मिटले, संपेस्तोवर ऐकलं, आणि म्हणाले, "घरघरतंय. दम्याच्या मानसागत."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. एवढी नावं आबांनी कुठल्या खिलारी बैलजोडीलासुद्धा ठेवली नव्हती. पण त्याच्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा उतरलेला.

मग आबांनी रिवाजाप्रमाणे पटक्याचा शेव उजव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात पुढे केला. बाजारात असा हात पुढे झाला की समोरच्यानं कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा असतो, म्हणजे चारचौघांना कळत नाही. यानं तो हात कापडासकट दोन्ही हातांत धरला आणि आदरानं शेकहँड केला. आबा हाताकडे बघतच राहिले.

"बघू पुढच्या बाजाराला," म्हणून ते उठले. तेही रिवाजाप्रमाणेच.

परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरगा गुनी हाय. हात सोन्याचा. अशी मानसं आता मिळत न्हाईत." आणि पुन्हा जेऊरच्या स्टँडवर, "लाखात एक."

मला रडूच फुटायचं राहिलं. प्रीअँपला नावं ठेवली आणि माणसाची तारीफ केली. यंत्र घेणार, माणूस सोडणार. निम्मा बेत फत्ते झाला, आणि तो नको असलेला निम्मा.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर प्रीअँप टेबलावर सुटा पडला होता, व्हॉल्व्ह एकीकडे, बटनं बशीत. "तुमच्या वडिलांचे कान फार तयार आहेत," तो म्हणाला. "घरघर आहे. मी तीन महिन्यांत ऐकली नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. बाजार, नावं ठेवणं, आमटीची वाटी, सगळं. "अहो, ते कान नव्हेत, तो धंदा आहे. त्यांना आवडलाय तो. तसाच द्या बांधून."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "असेल. पण आज सकाळी रस्ता उठायच्या आधी मी येऊन ऐकलं. घरघर आहे."

मी स्पीकरला कान लावला होता की इतके दिवस. मला कधी ऐकू आली नव्हती. मी म्हणाले, "नाहीये." तो म्हणाला, "आहे." माझा तोल गेला. इथे माझं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हा बाबा तारा सोडवत बसलाय. "बसा मग शोधत," म्हणून मी पाय आपटत निघाले. खर्ड्याचं स्थळ आणि माझ्या मनातलं त्याला सांगायचं ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली.

ती दिवाळी मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. करंज्या तळताना आई विचारायची, "तोंड का उतरलंय?" मी म्हणायचे, "तेलाचा धूर." खर्ड्याहून निरोप आला, मंडळी अमक्या दिवशी येतात. आबा रोज सकाळी मिशीला ताव देत त्या माणसाला एक नवीन नाव ठेवायचे.

आणि भाऊबीजेनंतरच्या बाजारच्या दिवशी तो आला. मी बाजारात नव्हते, पण ही हकीकत मला दोघांकडूनही इतक्या वेळा ऐकायला मिळाली की समोर घडल्यासारखी दिसते. पंच्यात गुंडाळलेला प्रीअँप छातीशी धरून तो बैलांच्या रांगांतून वाट काढत गेला. एका बैलानं त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर शेपटी मारलीच. आबांचा हात तेव्हा एका शेतकऱ्याच्या हातात होता, वर कापड, सौदा अगदी शेवटच्या बोटावर आलेला. हा जाऊन समोर उभा राहिला आणि मी शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "काका, तुमचं बरोबर होतं. घरघर होती. अर्थिंगची तार मी दोन जागी जोडली होती, ती एकाच जागी पाहिजे. चूक माझी. तुम्ही बोलला नसता तर मी खोट असलेला माल दिला असता."

घोडेगावच्या बाजारात विकणारा माणूस आपल्या मालाची खोड आपल्या तोंडानं, तीही ओरडून, सांगतोय हे कुणी पाहिलं नव्हतं. आजूबाजूचे हेडी माना वळवून बघायला लागले. ज्या शेतकऱ्याशी सौदा चालला होता त्यानं असा माणूस नीट बघून घ्यावा म्हणून कापडाखालचा हात काढून घेतला. सौदा मोडला. आबा पुढे कित्येक वर्षं सांगायचे की चालता सौदा हातातनं सुटला तो तेवढाच.

दुपारी आबा त्याला जेवायला घरी घेऊन आले. मी दारातच उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी पोत्यांकडे बघितलं. आबा स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन हळूच म्हणाले, "मला कुटं काय ऐकू आलं हुतं गं? म्या आपलं उगा म्हनलं हुतं. ह्यानं खरंच हुडकून काढली की." त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

जेवण झाल्यावर त्यानं सगळं जोडलं. व्हॉल्व्ह लाल व्हायला लागले. आबा पेंडीच्या पोत्यावर बसले, आई उंबऱ्यात. सुई टेकली. घरघर खरंच नव्हती. ती नाहीशी झाल्यावर मला कळलं की इतके दिवस ती होती. आणि त्या शांततेत बाईंनी श्वास घेतला.

आबा चमकले. "बाई दम घेती की," ते म्हणाले. जनावराचा दम पोटाला हात लावून ओळखणारा माणूस तो. "दम मोठा हाय बाईचा. परत लाव." त्यानं परत लावली. तीनदा लावली. तिसऱ्यांदा आबांनी व्हॉल्व्हवर तळहात धरला आणि म्हणाले, "लई तापतंय. घर जाळंल एक दिवस." प्रीअँप आमचा झाला.

तो संध्याकाळच्या एसटीनं गेला. आबा ओट्यावर बसले, आई निवडायला तांदूळ घेऊन शेजारी. मी आत भांडी घासत होते, म्हणजे हात चालत होते आणि कान बाहेर होते.

"पोरगं लई बारीक हाय," आबा म्हणाले. "खांदे पडल्यात. वारा आला तर धरून ठेवावं लागंल."

आईचा हात ताटात थांबला.

"बोलतंय तर तोंडातल्या तोंडात. चालताना खाली बघतंय, जनू पैका सांडलाय. आन जेवलं किती? दोन भाकरी. दोन भाकरीत काय घर चालतंय?"

"आणि खर्ड्याचं?" आईनं जपून विचारलं.

"त्यो? त्यो हिरा हाय हिरा," आबा म्हणाले. "आपली लायकी न्हाई."

आईनं तांदूळ बाजूला ठेवले आणि न विचारता शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मी राखेच्या हातांनी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "हात धू आधी."

आबांनी खर्ड्याला नकार कळवला, माळीवाड्याला निरोप धाडला, आणि महिन्याभरानं तो त्याच्या आईला आणि मामांना घेऊन आला. माणसं साधी होती. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी राहिले. त्या काळी मुलीकडच्यांनी मुलीचे गुण सांगायचे असत, शिवण येतं, स्वयंपाक येतो, स्वभाव गरीब. मामांनी विचारलं, "मुलीबद्दल काय ते सांगा."

आबा खाकरले. "आधीच सांगतो, मागनं म्हनू नका. पोरगी तापट हाय. तोंड लई चालतंय. सैपाकात लक्ष न्हाई. सकाळी धा हाका माराव्या लागत्यात. बापाचं एक ऐकत न्हाई. बाजारचा दिस असला की आबा, डोक्याला गुंडाळून जावा, आबा, पानी पिऊन जावा, निस्तं डोकं खाती. येस्टी यायला जरा उशीर झाला तर मानसाला चार येळा सडकंपतूर जावं लागतंय. आन..."

आबा पुन्हा खाकरले. मग त्याचा आवाज आला, तोंडातल्या तोंडात. "काका, यात दुरुस्तीचं काही नाही."

मी दाराआड तशीच उभी होते. नावं ठेवली म्हणजे काय, ते त्या घरात लहान मुलालाही कळत होतं. आमटीचं कळलं, बैलांचं कळलं, खर्ड्याच्या माणसाचं कळलं. मी शिकलेली, विज्ञान शिकवणारी बाई, आणि माझ्याबद्दल चोवीस वर्षं हा माणूस बोलत होता त्याचा हिशेब मी कधी लावलाच नव्हता. उलट भांडत राहिले. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि ट्रेमधला चहा गार झाला.

दुसरा करून नेला. आबांनी एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," म्हणाले, आणि कप रिकामा करून परत पुढे केला.